फिल्डवर फिरणाऱ्यांना ‘ऑनलाइन ओन्ली’ची सक्ती कशाला?

फिरता ऑडिटर

सरळ मुद्द्यावर येतो. हल्ली जिकडेतिकडे ऑफिसात सगळ्यांच्या लॅपटॉपवर क्लाउडचं फोल्डर जोडून देतात आणि आतल्या फाइली ‘ऑनलाइन ओन्ली’ ठेवतात. म्हणजे एक्सप्लोररमध्ये नाव दिसतंय, साइझ दिसतीय, पण बाजूला निळा ढग, आत काहीच नाही. डबलक्लिक केलं की मग ती उतरणार. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ही भानगड २०१७ पासून आहे, गूगल ड्राइव्हमध्ये तिला स्ट्रीमिंग म्हणतात. लीज्ड लाइन (खास वेगळी नेट लाइन) असलेल्या ऑफिसात बसून हे झकास चालतं, पण आमच्यासारखी माणसं जी आज जत, उद्या आटपाडी, परवा शिराळा अशी पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने करत फिरतात त्यांनी काय करायचं? कारखान्याच्या गोडाउनात पत्र्याखाली स्टॉक मोजताना रेंजची एक काडी नसते आणि पतसंस्थेचं वायफाय मॅनेजर साहेबांच्या केबिनपुरतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स म्हणून एक प्रकार आहे, त्यात आयटीने सांगून ठेवलं असेल की ३० दिवस न उघडलेली फाइल परत ढगात ढकल, तर ती गुपचूप ढकलली जाते. आता ऑडिटच्या कामात मागच्या वर्षीचे वर्किंग पेपर्स (तपासणीच्या नोंदी) वर्षातून एकदाच लागतात, नेमके साइटवर गेल्यावर. म्हणजे जी फाइल मला सगळ्यात जास्त ऑफलाइन पाहिजे तीच मशीनच्या हिशेबाने सगळ्यात निरुपयोगी! अलीकडे उघडलेलं ते कामाचं, हे गणित रोज त्याच फाइली चाळणाऱ्या माणसासाठी मांडलंय.

माझं मत स्पष्ट आहे. जो माणूस फिल्डवर जातो त्याच्या चालू असाइनमेंटचं अख्खं फोल्डर, मागच्या वर्षासकट, लॅपटॉपवर कायमचं राहिलं पाहिजे आणि कुठलं फोल्डर ते त्याने ठरवायचं, आयटीने नाही. बोला आता.

सर्व्हररूम

आयटीवाला बोलतोय, शिव्या खायची तयारी ठेवूनच.

‘अख्खं फोल्डर लॅपटॉपवर’ हे वाक्य म्हणायला सोपं आहे. त्या फोल्डरमध्ये काय असतं? क्लायंटचं पॅन, आधारची झेरॉक्स स्कॅन करून, बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं. हे सगळं घेऊन तुम्ही एसटीने फिरता. लॅपटॉपची बॅग सीटवर ठेवून चहाला उतरता. उद्या ती गेली तर ‘माझी बॅग गेली’ एवढ्यावर भागत नाही, शंभर लोकांची कागदपत्रं गेली. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आल्यापासून याकडे फार हलक्यात बघून चालणार नाही.

दुसरं, ऑफलाइन फाइल म्हणजे दोन माणसांना एकाच वेळी बदलता येणारी फाइल. तुम्ही शिराळ्यात बसून ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या बाकींचा तक्ता) बदलला, ऑफिसात बसलेल्या पोराने तोच बदलला, संध्याकाळी तुम्ही नेटला लागलात. एक्सेलला जमलं तर तो दोन्ही बदल जोडून घेतो, नाही जमलं तर विचारतो की तुमचं टाकून देऊ का वेगळी कॉपी करू. पीडीएफ, झिप वगैरेचं तर वनड्राइव्ह सरळ नावाच्या शेपटीला कॉम्प्युटरचं नाव लावून दुसरी फाइल उभी करतं. मग रात्री दहाला आम्हाला फोन, यातली खरी कुठली. आम्हाला काय माहिती?

तिसरं, लॅपटॉपची डिस्क म्हणजे २५६ जीबीची एसएसडी. त्यात विंडोज, ऑफिस, हिशेबाचं टॅली, लग्नाचे फोटो (हो, बघितलेत). आता त्यात पाच वर्षांचे वर्किंग पेपर्स पण पाहिजेत.

उंटावरचा शहाणा

पेन ड्राइव्ह झिंदाबाद. ना ढग ना पाऊस.

फिरता ऑडिटर

@सर्व्हररूम, चोरीचा मुद्दा मान्य पण त्याला उत्तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) आहे, फाइल न देणं नाही. डिस्क एन्क्रिप्ट केली, लॉगिनला धड पासवर्ड ठेवला, तर चोराला काय मिळणार, लोखंड. आणि उलट बाजू बघा की, माणसाला ऑफलाइन फाइल मिळाली नाही तर तो काय करतो? स्वतःला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवतो! मागच्या वर्षीचं फोल्डर झिप करून घरच्या जीमेलवर टाकतो. वर उंटावरच्यांनी सांगितलंच, पेन ड्राइव्हवर घेतो आणि त्या पेन ड्राइव्हला कुठलं आलंय बिटलॉकर. सुरक्षेच्या नावाखाली दार बंद केलं की लोक खिडकीतनं जाणारच आणि ती खिडकी तुमच्या कुठल्याच लॉगमध्ये दिसणार नाही.

तीन नंबरच्या मुद्द्यावर, पाच वर्षांचं कोण मागतंय? चालू आणि मागचं. एक्सेल आणि पीडीएफ असून असून किती असणार.

चिपळूणकरीण

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा आमचं ऑफिस तळमजल्यावर होतं. सर्व्हर तळमजल्यावर, लॅपटॉप ड्रॉवरमध्ये, आणि बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरच्या शेजारच्या कपाटात. बॅकअप नियमित होता बरं का, रोज संध्याकाळी! पाणी उतरल्यावर सगळ्याला सारखाच चिखल. ज्या फाइली क्लाउडवर होत्या तेवढ्याच राहिल्या, बाकी क्लायंटकडून, बँकेकडून परत गोळा केल्या, एकेक कागद.

त्यामुळे माझ्यासमोर कोणी ‘लॅपटॉपवर पाहिजे, लॅपटॉपवर पाहिजे’ म्हणालं की मला भीती वाटते. लॅपटॉपवर ठेवायची सवय लागली की माणूस सिंक, म्हणजे लॅपटॉप आणि ढग जुळवून घेणं, बंद पडलंय का ते बघतच नाही. ऑनलाइन ओन्लीमध्ये एक चांगलं आहे, नेट गेलं की लगेच बोंब होते. ऑफलाइनवाल्याला पत्ताच नसतो की त्याचं काम ढगात पोचलेलंच नाही.

फिरता ऑडिटर

ताई, सांगलीकर आहे मी, २०१९ ला कृष्णेचं पाणी दुकानांच्या पाट्यांपर्यंत आलेलं पाहिलंय. क्लाउड नको असं मी एका शब्दानेही म्हटलेलं नाही. मूळ प्रत ढगातच पाहिजे, माझ्याकडे तिची चालती प्रत पाहिजे एवढंच.

टॅलीवाली

विषय निघालाच आहे तर हात जोडून एक विनंती, टॅलीचा डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका हो. कंपनीच्या नंबरचं ते फोल्डर, १०००० वगैरे, अख्खं उचलून ड्राइव्हमध्ये टाकतात आणि दोन गावांतून दोघं उघडतात, ‘मल्टीयूजर फुकटात’ म्हणून. त्यात शेकड्याने छोट्या फाइली एकमेकींवर अवलंबून असतात, तुम्ही एक व्हाउचर टाकलं की त्यातल्या अनेक बदलतात. सिंकवाल्या सॉफ्टवेअरला काय कळतंय की या सगळ्या एकत्रच जायला हव्यात? ते जशी मिळेल तशी एकेक उचलतं. अर्ध्या इकडच्या अर्ध्या तिकडच्या झाल्या की मग टॅलीत डेटा रीराइट, म्हणजे दुरुस्ती, करत बसा आणि देवाला नवस बोला.

टॅलीमधून बॅकअप घ्यायचा आणि ती एकच बॅकअप फाइल सिंकच्या फोल्डरमध्ये टाकायची. दोघांना एकत्र काम करायचंच असेल तर रिमोट डेस्कटॉप किंवा क्लाउड सर्व्हरवर टॅली. हिशेबाच्या डेटाबेसला सिंक हे औषधच नाही, ऑनलाइन ओन्ली असो नाहीतर ऑफलाइन.

आणि कंपन्यांसाठी तर नियमच आहे, इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप रोजच्या रोज आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर. ऑगस्ट २०२२ च्या आधी ‘ठरावीक काळाने’ चालायचं, आता रोज. वर्षातून एकदा ३१ मार्चला पेन ड्राइव्ह घेणारे उंटावरचे, ऐकताय ना?

उंटावरचा शहाणा

प्रोप्रायटरी आहे माझी. कंपनी नाही. :)

ओव्हरटाइम

तुम्ही सगळे चुकीच्या गोष्टीवर भांडताय असं माझं मत. ऑनलाइन ओन्ली की ऑफलाइन हा फक्त सोयीचा प्रश्न आहे. खरा घोळ हा की दोन्ही बाजू सिंकला बॅकअप समजतायत. चिपळूणकरीण ताईंचं बरोबर आहे की पुरात क्लाउडने वाचवलं, पण सिंकचा स्वभावच असा की इकडे जे झालं ते तिकडे करायचं. फाइल बदलली, तिकडे बदलली. फाइल उडवली, तिकडे उडाली. खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, रॅन्समवेअरने, लॉक केली, तर ती लॉक झालेली फाइल पण इमानदारीत वर चढवतो.

ऑफिसात हमखास होणारा प्रकार सांगतो. लॅपटॉप फुल झाला, नव्या पोराला सांगितलं जरा जागा कर. तो निळ्या ढगाची फोल्डरं बघतो, म्हणतो ही तर क्लाउडवर आहेतच, इथली उडवू. डिलीट. झालं, सगळ्यांची उडाली. त्याला ‘फ्री अप स्पेस’ (लॅपटॉपवरची प्रत काढून ढगातली ठेवणं) करायचं होतं, ते राइट क्लिकच्या मेनूत दोन ओळी वर खाली असतं, पण त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

मग म्हणाल रीसायकल बिन आहे की. आहे ना. कामाच्या वनड्राइव्हमध्ये ९३ दिवस, घरच्या वनड्राइव्हमध्ये ३० दिवस, गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ऑक्टोबर २०२० पासून ३० दिवस, त्याआधी ट्रॅशमध्ये पडून राहायचं. आता धागाकर्त्याचंच गणित लावा. ऑडिटची फाइल वर्षातून एकदा उघडते. ऑक्टोबरमध्ये कोणी उडवली तर कळणार पुढच्या ऑगस्टमध्ये. ९३ दिवस कुठल्या कुठे गेले.

आणि कंपनी मोठी म्हणून निवांत राहू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपच्या ८४ नंबरच्या व्हर्जनमध्ये लोकांच्या फाइली गायब झाल्या होत्या, वर न चढलेल्या. गूगलने स्वतः मान्य केलं, ‘डिस्कनेक्ट अकाउंट’ दाबू नका म्हणून सांगितलं आणि मग फाइली परत मिळवायचा उपाय दिला. म्हणून म्हणतो, तिसरी प्रत पाहिजे जी सिंकमध्ये नाही. आठवड्याला एकदा हार्ड डिस्कवर, आणि ती हार्ड डिस्क दुसऱ्या घरी. चिपळूणकरीण ताई, कपाटात नाही.

प्लॅनवाला

आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे, रत्नागिरी. तुमचं एक्सेल म्हणजे सुखी संसार आहे. आमच्या एका ड्रॉइंगमध्ये दहा दुसरी ड्रॉइंग एक्सरेफ म्हणून, म्हणजे नुसती लिंकने, लावलेली असतात. ऑनलाइन ओन्लीमध्ये मुख्य ड्रॉइंग उघडलं की ऑटोकॅड बाकीची शोधायला जातो, ती एकेक करत ढगातून उतरतात, तेवढ्यात चहा होतो, आणि मधे नेट तुटलं की अर्धी बिल्डिंग दिसते, जिना गायब. साइटवर काँट्रॅक्टर उभा, वाळूचा डंपर उभा, आणि मी बसलोय गोल फिरणारं चक्र बघत. त्यामुळे ऑडिटरसाहेबांना माझा शंभर टक्के पाठिंबा.

पण! ऑफलाइन ठेवलं की दुसरा भोग. वनड्राइव्हचं फोल्डर सी ड्राइव्हमध्ये यूजर्सच्या आत ज्याच्या त्याच्या नावाखाली जातं. माझ्या मशीनवर माझं नाव, साहेबांच्या मशीनवर त्यांचं. मी लावलेल्या एक्सरेफचा पत्ता माझ्या नावाने, साहेबांनी उघडलं की ‘नॉट फाउंड’. हेच एक्सेलमध्ये एका शीटमधून दुसऱ्या शीटला लिंक दिली तरी होऊ शकतं, अनुभव घ्या हवा तर. उपाय आहे, ऑटोकॅडमध्ये रिलेटिव्ह पाथ, म्हणजे मुख्य ड्रॉइंगपासूनचा पत्ता, लावायचा, पण ते सगळ्या ऑफिसने पाळलं तर. एकाने जरी नेहमीच्या सवयीने फुल पाथ लावला की संपलं.

आणि लॉकचं काय? ऑफिसच्या सर्व्हरवर दुसऱ्याने ड्रॉइंग उघडलं असेल तर मला रीड ओन्ली मिळतं, कळतं तरी. सिंकमध्ये दोघांच्याही मशीनवर स्वतःची प्रत, दोघंही मालक. आम्ही शेवटी ऑफिसात एक नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) ठेवला, तो रात्री क्लाउडवर बॅकअप घेतो, आणि साइटला जाताना पीडीएफ घेऊन जायचे. एडिट ऑफिसातच. जुनाट वाटेल पण भांडणं थांबली.

सर्व्हररूम

@प्लॅनवाला, हे मला पटतं. ‘साइटवर वाचायचं, ऑफिसात बदलायचं’. ऑडिटरसाहेबांनी पण असंच करावं की, मागचं वर्ष पीडीएफमध्ये न्यावं.

फिरता ऑडिटर

नाही जमणार. ड्राफ्ट्समनला साइटवर ड्रॉइंग दाखवायचं असतं, आम्हाला साइटवरच काम करायचं असतंय. व्हाउचर तिथे, रजिस्टर तिथे, बोलणारा कॅशियर तिथे (तोही जेवायला जाईपर्यंतच). तिथं कागदावर लिहून ऑफिसात येऊन परत टाइप करायचं तर मग लॅपटॉप कशाला दिला, डायरी द्या.

आणि कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांना भिडण्याचा, बाऊ जरा जास्त होतोय. एका पतसंस्थेच्या फाइलवर एका वेळी एकच टीम असते. दोघं एकाच शीटमध्ये घुसतात ते कामाची वाटणी नीट नसते म्हणून. सिनियरने सांगितलं की कर्ज तू, ठेवी तू, तर दोन वेगळ्या फाइली होतात आणि कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. शिवाय आपल्याकडे निम्म्या एक्सेलला उघडायचा पासवर्ड लावलेला असतो, तसल्या फाइलमध्ये दोघांनी एकत्र काम करणं ऑनलाइन असतानाही चालत नाही. म्हणजे तुमचं ते ‘ऑनलाइन राहा, सगळं जुळून येईल’ आमच्या फाइलींना तसंही लागू नाही.

आर्टिकलशिप चालू

मोठ्यांच्या भांडणात बोलते, चुकलं तर सांगा. मला एवढंच विचारायचंय की सिंक झालं हे नक्की कशावरून समजायचं? मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडते, काम सेव्ह करते, घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी सर म्हणतात फाइल आलीच नाही. मी तर कंट्रोल एस दाबलेलं असतं.

आणि हिरवी टिक दोन प्रकारची का असते?

सर्व्हररूम

तुझं काही चुकलं नाहीये. विंडोज काही वेळा हॉटस्पॉटला मीटर्ड (मोजून डेटा मिळणारं) कनेक्शन समजतं आणि मीटर्डवर वनड्राइव्ह आपोआप सिंक थांबवतं, डेटा वाचावा म्हणून. बॅटरी सेव्हर चालू झाला तरी थांबतं. म्हणजे फिल्डवरची नेमकी स्थिती, हॉटस्पॉट आणि वीस टक्के बॅटरी, त्यात सिंक थांबलेलंच असण्याची शक्यता जास्त. खाली घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक कर, ‘पॉज्ड’ दिसलं तर तिथूनच चालू करता येतं, किंवा सेटिंगमध्ये जाऊन मीटर्डचं ते बटण कायमचं बंद कर. दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर असशील तर त्याला विचारून.

टिक अशी, पांढऱ्या गोलात हिरवी टिक म्हणजे सध्या लॅपटॉपवर आहे, पण जागा लागली तर परत ढगात जाऊ शकते. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक म्हणजे तू स्वतः ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ केलंयस, ती स्टोरेज सेन्सपण हलवत नाही. साइटला जायच्या आदल्या दिवशी, ऑफिसच्या नेटवर, फोल्डरवर राइट क्लिक करून ती लावायची आणि सगळं उतरेपर्यंत लॅपटॉप बंद करायचा नाही. एसटी स्टँडवर नाही.

आर्टिकलशिप चालू

थँक्यू सर. आमच्याकडे गूगल शीट्स पण आहेत, त्या पण अशाच उतरवायच्या का?

ओव्हरटाइम

इथे पण लोक फसतात. गूगल डॉक्स, शीट्सची जी फाइल लॅपटॉपवर दिसते ती नुसता पत्ता असतो, आत मजकूर नसतो. ड्राइव्ह मिरर मोडमध्ये (सगळ्या फाइली लॅपटॉपवरही) ठेवलंस तरी. ती पेन ड्राइव्हवर कॉपी करून ‘बॅकअप घेतला’ म्हणणारे मी पाहिलेत. त्या ऑफलाइन हव्या असतील तर क्रोम किंवा एजमध्ये गूगलचं ऑफलाइन एक्सटेन्शन घालून, ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन चालू करायचं, तेही नेट असताना. खरी प्रत हवी तर डाउनलोड करून एक्सेल कर.

चिपळूणकरीण

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. हे जे फोल्डर आहे ते कोणाच्या नावावर आहे? आमच्याकडे एक जण सोडून गेला, त्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये दोन क्लायंटचं सगळं काम होतं, तिथूनच सगळ्यांना शेअर केलेलं. त्याचं अकाउंट डिलीट झालं. डिलीट केल्यावर डिफॉल्ट ३० दिवस डेटा राहतो म्हणे, आम्हाला आठवण झाली तेव्हा ते उलटून गेले होते. ऑफिसचं काम ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर, नाहीतर ऑफिसच्या नावावरच्या शेअरपॉइंटवर. माणसाच्या नावावर नको. मग ते ऑफलाइन ठेवा नाहीतर ऑनलाइन, त्याची प्रत संस्थेकडे राहते.

प्लॅनवाला

+१. आणि फाइलींची नावं! ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘साहेबांनी सांगितलेलं फायनल’. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, वनड्राइव्हला ४०० अक्षरांच्या पुढचा पत्ता चालत नाही आणि काही जुनी सॉफ्टवेअरं २६० लाच मान टाकतात. मराठीत नाव दिलं तर सिंकला काही होत नाही, फक्त लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की टक्क्याच्या चिन्हांची रांगोळी होते.

सर्व्हररूम

बरं, मी दोन पावलं मागे येतो. आमच्याकडे मी असं करायला तयार आहे. बिटलॉकर असलेल्याच मशीनवर, असाइनमेंटपुरतं, चालू आणि मागचं वर्ष कायम ऑफलाइन. काम संपलं, रिपोर्टवर सही झाली की ‘फ्री अप स्पेस’. बाकी सगळं ऑनलाइन ओन्लीच. आणि एक रजिस्टर, कोणी कुठलं फोल्डर नेलंय त्याचं, म्हणजे दुसरा त्यात हात घालणार नाही. कोणतं फोल्डर हे मॅनेजर ठरवणार, फिरणारा नाही.

फिरता ऑडिटर

शेवटच्या दोन ओळी सोडून सगळं मान्य. सीझनमध्ये मॅनेजर स्वतः कुठल्यातरी कारखान्यावर असतो, रेंजबाहेर. सकाळी सहाला फोन येतो की आजचं वाळवा रद्द, पलूसला जा. तेव्हा मी मॅनेजरची परवानगी कुठनं आणू? आणि ते रजिस्टर कुठे ठेवणार, शेअर्ड ड्राइव्हवर एक्सेलमध्येच ना? म्हणजे त्यासाठी परत नेट. त्यापेक्षा फोल्डरच्या नावातच कोणाकडे आहे ते लिहा.

सर्व्हररूम

फोल्डरचं नाव बदललंत तर शीटमधल्या लिंका तुटतील, वर प्लॅनवाल्यांनी एवढं समजावलं त्याचं काय? आणि ‘फिरणारा ठरवणार’ याला मी कधीच सही करणार नाही. आत्ताच लिहून ठेवतो, पहिली बॅग हरवली की सगळे माझ्याकडे बोट दाखवणार, तुमच्याकडे नाही.

फिरता ऑडिटर

बरं मग फोल्डरच्या आत एक कोरी टेक्स्ट फाइल, नावच ‘अमुककडे आहे’. लिंक तुटत नाही. परवानगीचं मात्र मी सोडणार नाही. फार तर मी ठरवतो आणि मॅनेजरला मेसेज टाकतो, त्याला नको असेल तर त्याने नाही म्हणावं.

ओव्हरटाइम

जे काय ठरवाल ते ठरवा, पण लागू ऑक्टोबरमध्ये करा. ३० सप्टेंबरच्या ऑडिट मुदतीच्या तोंडावर कोणाच्या लॅपटॉपवरची सिंकची सेटिंग हलवू नका, बाकी मला काही म्हणायचं नाही.